सुखाची वहिवाट

श्रावण सरत आला, की आमच्या बेळगावच्या घराच्या परसात पहाटे प्राजक्ताचा सडा पडू लागतो. खिडकीशी बसावे, हाती वाफाळता चहा असावा, दूर देवळातील घंटा ऐकू यावी आणि ओल्या मातीवर एकेक फूल गळताना पाहावे, एवढेच आमचे सध्याचे ऐश्वर्य. कोर्टातील पुकारा कानी पडण्यापूर्वीची ही घटका आम्हांस फार मोलाची वाटते.

धन, सत्ता, कीर्ती यांच्या मोहापासून सावध राहावे, हे आपण लहानपणापासून कीर्तनांतून ऐकत आलो. परंतु कपभर चहाला कोणी मोह म्हणत नाही. लहान सुख हे निष्पापच असणार, असे आपण गृहीत धरून चालतो. आम्हीही तसेच धरले होते.

गेल्या भाद्रपदात आमची गृहिणी चार दिवस तापाने अंथरुणाला खिळली होती. पहाटे दूध आणणे, ते तापवणे, रात्रीची भांडी आवरणे हे सारे आमच्याकडे आले. पहिल्या दिवशी कप घेऊन खिडकीशी येईपर्यंत लख्ख उजाडले होते आणि फुले गळून संपली होती. या खिडकीशी पहाटे ती बसल्याचे आम्ही कधी पाहिलेच नाही, हे तेव्हा प्रथम मनात आले. आम्ही तिला विचारले, "ही फुले गळताना तू कधी पाहिली आहेस का ग?" ती म्हणाली, "अहो, स्वयंपाकघरात वास येतो ना! तेवढा पुरे."

हे उत्तर तक्रारीचे नव्हते. म्हणूनच ते आम्हांस बोचले.

वकिली मन लगेच बचाव शोधू लागले. ज्या क्षुल्लक इजेबद्दल सामान्य समजुतीचा व स्वभावाचा मनुष्य तक्रार करणार नाही, ती अपराध ठरू नये, हे तत्त्व १८६० च्या दंडसंहितेच्या ९५ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३३ व्या कलमातही ते कायम आहे. न्यायालयापुरते हे शहाणपणाचेच आहे. परंतु एका पहाटेची झोप क्षुल्लक असली, तरी वीस वर्षांच्या पहाटा क्षुल्लक नसतात. आणि घरात तक्रार होत नाही याचे कारण पुष्कळदा इजेचा अभाव हे नसून प्रेम हे असते.

दुसरा बचाव वहिवाटीचा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे खिडकीतून येणारा उजेड व वारा वीस वर्षे शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून उपभोगला, तर तो पक्का हक्क होतो. आमच्या संसारालाही वीस वर्षे होऊन गेली. परंतु दुसऱ्याच्या परवानगीने चाललेला उपभोग कितीही वर्षे चालला, तरी त्याचा हक्क होत नाही, हाही त्याच कायद्याचा दंडक. घरातील सुखे बहुतेक अशी परवानगीचीच असतात. ती कोणीतरी आपल्याला देत असते. आपण मात्र ती हक्काच्या खात्यावर मांडतो.

मग ते सुख टाकावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. चहा सोडल्याने गृहिणीची गेलेली झोप परत येत नाही. उलट आपल्या त्यागाचे कौतुक तिलाच करावे लागते. भुईवर पडलेले फूल आपण देवाला वाहत नाही. प्राजक्त तेवढा अपवाद. तो खुडावा लागत नाही, आपण होऊन गळतो. आपल्या सुखांत अशी आपण होऊन गळणारी थोडी. बाकीची कोणाच्या तरी हातांनी खुडलेली असतात. तो हात ओळखणे आणि त्याला विसावा देणे, एवढा कर लहान सुखावरही आहे. देवळात प्रसादासाठी आपण हात पुढे करतो, दावा लावीत नाही; घरीही तीच रीत शोभते.

हल्ली आमच्याकडे चहा आळीपाळीने होतो. ज्या दिवशी पाळी आमची, त्या दिवशी खिडकी तिची. स्वयंपाकघरात प्राजक्ताचा वास खरोखरच येतो. परंतु तेवढा पुरे होत नाही, हेही आता आम्हांस कळले आहे.