माळाचा जुना दाखला

२०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात ३३ कोटी झाडं लावायचं सरकारी उद्दिष्ट होतं. त्याआधीच्या तीन वर्षांत ते दोन, चार आणि तेरा कोटी होतं. एवढ्या झाडांना जागा लागते, आणि मोकळी जागा म्हटली की सगळ्यांची नजर माळावर जाते. पुणे, सोलापूर, नगरकडच्या माळांची नोंद सरकारदरबारी बहुधा पडीक म्हणूनच होते. त्यामागे आपली एक पक्की समजूत आहे: इथं पूर्वी दाट जंगल होतं, ते माणसानं तोडलं, गुरांनी खाल्लं, आणि मग हा उजाड माळ उरला. तेव्हा झाडं लावणं म्हणजे जुनं देणं फेडणं.

ही समजूत खरी आहे का, हे तपासायचं तर माणसाच्या आठवणीच्या मागं जावं लागतं. पन्नास-शंभर वर्षांच्या आठवणीवर निसर्गाचं मूळ रूप ठरवता येत नाही. त्यासाठी जमिनीच्या पोटात जे उरलं आहे त्यालाच विचारायला हवं.

गवत कापताना पातं बोटाला चिरून जातं, ते त्यातल्या सिलिकामुळे. मातीतल्या पाण्याबरोबर वर आलेली सिलिका गवताच्या पेशींत साठते, घट्ट होते आणि त्या पेशीचाच आकार घेते. पुढं गवत कुजतं, वणव्यात जळतं, जनावराच्या पोटातून बाहेर पडतं, पण हे बारीक कण तसेच राहतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली काही डंबेलसारखे दिसतात, काही खोगिरासारखे, आणि त्या आकारावरून गवताचं कूळ ओळखता येतं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथं डायनासोरांची दगड झालेली विष्ठा सापडते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात गवताचे फायटोलिथ शोधले आणि २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये ते प्रसिद्ध केलं. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गवत होतं आणि ते खाणारंही कुणीतरी होतं. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, असं तोवर मानलं जात होतं.

अर्थात गवत होतं म्हणजे गवताळ प्रदेश होता असं नव्हे. तो फार नंतरचा. शिवालिकच्या टेकड्यांत जुन्या मातीचे थर आहेत आणि त्यांत चुनखडीचे खडे आहेत, आपल्याकडे काळ्या रानात नांगराला लागतात तसेच. उष्ण प्रदेशातली गवतं हवेतला कार्बन झाडांपेक्षा वेगळ्या पद्धतीनं घेतात आणि त्याची खूण या खड्यांत उरते. त्यावरून कळतं की ७०-८० लाख वर्षांपूर्वीपासून उपखंडात ही गवतं झपाट्यानं पसरली. तेव्हा कुऱ्हाड नव्हती आणि पाळीव गाय तर नव्हतीच.

आता आपल्या नद्यांकडे येऊ. गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड यांच्या काठांवर जुन्या गाळाच्या उंच दरडी आहेत. गोदाकाठी नांदूर मधमेश्वरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच भूगर्भशास्त्रज्ञ गाय पिलग्रिम यांनी एका नामशेष हत्तीच्या अवशेषांची नोंद केली. हा पॅलिओलोक्सोडॉन नामाडिकस. खांद्याशी चार मीटरहून उंच, आजच्या आशियाई हत्तीला खुजा ठरवणारा. आज आपण नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला जातो. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झालं, पण तिथल्या मातीत हत्ती आहे हे किती जणांना माहीत असतं? येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात अशा जीवाश्मांचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या झाला. ग. ल. बदाम यांचा भारतातल्या हिमयुगीन प्राण्यांवरचा ग्रंथ १९७९ मध्ये तिथूनच निघाला. त्या काळच्या यादीत रानबैल, रानघोडा, पाणघोडा असे चरणारे मोठे प्राणी आहेत. चाळीसगावजवळ पाटणे इथं एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली. त्यातल्या एका तुकड्यावर माणसानं जाळीदार नक्षी कोरलेली आहे. शहामृग हा उघड्या माळाचा पक्षी, दाट जंगलात तो राहत नाही.

हाडं बहुधा नदीकाठच्या गाळातच टिकतात, त्यामुळे काठावरच्या प्राण्यांची साक्ष जास्त मिळते आणि वरच्या माथ्यावरच्यांची कमी, हे ध्यानात ठेवायला हवं. नदीकाठी झाडी होती, यात शंका नाही. तरी सगळे पुरावे एकत्र ठेवले की गवत, विखुरलेली काटेरी झाडं आणि चरणाऱ्या जनावरांचे कळप असंच चित्र उभं राहतं.

शेती आल्यावरही ते पुसलं गेलं नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेल्या या गावच्या चुलींजवळच्या केरात गाय-बैल आणि शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांबरोबर काळविटाची हाडं आहेत. काळवीट गवतावर जगतो आणि वेगावर जीव वाचवतो, त्यासाठी त्याला मोकळं रान लागतं.

यापुढची साक्ष मराठी वाङ्मयाची आहे. आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या आयसरमधले दिग्विजय पाटील यांनी तेराव्या ते विसाव्या शतकातल्या ओव्या, लोकगीतं, चरित्रं, कथा यांतून पश्चिम महाराष्ट्रातल्या रानझाडांचे उल्लेख वेचले. २०२५ मध्ये 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात त्यांचा हा अभ्यास आला. ४४ रानवनस्पतींपैकी २७ माळरानाच्या निघाल्या, १४ कुठंही उगवणाऱ्या, आणि खास जंगलाच्या फक्त तीन. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेची म्हणून आपण जी तरटी पाहतो, तेही अशाच कोरड्या, मोकळ्या जमिनीतलं काटेरी झाड आहे. वारकऱ्यांनी शतकानुशतकं जिला हात जोडले, तिच्या रानाला आपण पडीक म्हणतो.

मग या पुराव्याचं करायचं काय? हत्ती परत आणायचा? तसं कुणी म्हणत नाही. अँथनी बार्नोस्की, एलिझाबेथ हॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलेला विचार मला इथं मोलाचा वाटतो. हवामान बदलतं आहे, प्राण्यांच्या जागा बदलणार आहेत, तेव्हा एखाद्या जुन्या तारखेचं चित्र जसंच्या तसं गोठवून ठेवणं शक्य नाही. जीवाश्मांकडून शिकायचं ते हे, की एखादा प्रदेश कोणकोणत्या कामांवर चालत होता आणि त्यातलं कोणतं काम आता कुणीच करत नाही.

माळावर ते काम चरण्याचं होतं. रानबैल आणि रानघोडे गेले, काळविटं तुरळक उरली, आणि सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. तरी गवत खाल्लं जातं, तुडवलं जातं, खत पडतं आणि लांडग्याला भक्ष्य मिळतं, ते मेंढपाळ धनगरांमुळे. त्यांच्या मेंढ्या रानबैलाची जागा पूर्ण भरून काढत नाहीत आणि एकाच जागी फार चराई झाली तर गवत मरतं, हेही खरं आहे. पण कळप पुढं सरकत राहिला तर माळ जगतो. कुंपण घालून, चराईबंदी करून, आत ग्लिरिसिडियाच्या झाडांसाठी खड्डे घेतले की कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं सावलीत दबतात. त्याबरोबर धाविक आणि चंडोल जातात, मग चिंकारा. पुण्याच्या वेताळ टेकडीवर ग्लिरिसिडियाच्या पट्ट्यात शिरून पाहा. खाली एकाच झाडाचा पाचोळा असतो, आणि पन्नास पावलांवरच्या उघड्या उतारावर पावसाळ्यात किती प्रकारची गवतं आणि रानफुलं असतात ते मोजून पाहा.

हे सगळं पूर्वेकडच्या कोरड्या भागाचं झालं. ताम्हिणी, मुळशी, वेल्ह्याकडे कित्येक हजार मिलीमीटर पाऊस पडतो, तिथं जंगलच आहे, आणि तिथल्या देवराया राखायलाच हव्यात. एकाच जिल्ह्यात दोन वेगळ्या जमिनी आहेत. एकीचं औषध दुसरीला देऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. भीमा आणि घोडच्या पात्रांतून वाळू उपसली जाते, काठ ढासळतात, आणि त्यांत लाखो वर्षांची हाडं, अवजारं, माती असते. डंपर भरताना ती कुणी पाहत नाही. ही दप्तरं एकदा गेली की माळाच्या बाजूनं बोलणारा साक्षीदार उरणार नाही.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. वनखात्यानं इंदापुरात कडबनवाडी आणि बारामतीत शिर्सुफळ इथं गवताळ रानाची सफारी सुरू केली, हे चांगलं पाऊल आहे. पण बाकीचा माळ अजून कागदोपत्री रिकामाच आहे. म्हणून पुण्यातल्या कंपन्यांना, गृहनिर्माण संस्थांना आणि शाळांना विनंती आहे: येत्या जूनमध्ये रोपं घेऊन निघण्याआधी जिथं खड्डे घ्यायचे त्या जागेचा जुना दाखला मागा. तिथं गवत असेल, तर रोपं दुसरीकडे न्या.