पित्याची विस्मृति रंगभूमीवर दाखवावी काय?

नोहा आपल्या डेऱ्यांत उघडा पडला, तेव्हां हामानें तें पाहिलें व बाहेर जाऊन भावांस सांगितलें. शेम व याफेथ ह्यांनीं खांद्यांवर वस्त्र घेतलें आणि पाठमोरे चालत जाऊन बापाला झांकलें. आईबापांची भ्रमिष्ट अवस्था नाटकांत वा गायनांत दाखविणें हें हामाचें काम कीं शेमाचें?

अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ घरीं ह्या दुखण्याला अजून दुखणें म्हणत नाहींत. 'साठी बुद्धि नाठी', 'म्हातारचळ लागला' असें म्हणून लोक हंसतात. जर्मन वैद्य आल्झायमर ह्यांनीं १९०६ सालीं ह्या रोगाच्या एका मुख्य प्रकाराचें वर्णन केलें. त्यांत मेंदूच्या पेशी नष्ट होत जातात. रोग्याचा हट्ट किंवा दोष त्यांत नसतो. झांकून ठेवण्यानें हें अज्ञान जात नाहीं. म्हणून मुळींच दाखवूं नये, हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं.

शेमालाहि बापाची स्थिति ठाऊक होतीच. त्यानें डोळे कोठें असावे एवढेंच ठरविलें. फ्रेंच नाटककार फ्लोरियन झेलेर ह्यांच्या 'पिता' (२०१२) ह्या नाटकांत मंचावरील सामान हळूहळू नाहींसें होतें, मुलीच्या जागीं निराळीच स्त्री येऊन 'मीच तुमची मुलगी' म्हणते. घर कोणाचें, खरें कोण बोलतो, हें प्रेक्षकालाच कळेनासें होतें. म्हाताऱ्याला हंसावयास तो बाहेर उरतच नाहीं!

आपल्या मराठींत सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा 'अस्तु' (२०१३) आहे. तो पडद्यावरचा खरा, परंतु प्रश्न तोच. त्यांतील संस्कृत पंडित चक्रपाणि शास्त्री एका हत्तीच्या मागें भटकत जातात व माहुताच्या गरीब कानडी बायकोला आई म्हणूं लागतात. ती त्यांना लेंकरासारखें संभाळते. शास्त्र्यांची भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. येथें एका पित्याची लाज दुसऱ्या मनुष्यानें आपल्या अंगावर घेतली आहे. नटाचें शरीर हेंच तें वस्त्र, असें आम्हांस वाटतें.

गायनाची गोष्ट थोडी निराळी. शिकलेलें गाणें पुष्कळदां इतर स्मृतीपेक्षां अधिक काळ टिकतें. अमेरिकन गायक टोनी बेनेट ह्यांना हाच रोग होता. तरी २०२१ सालीं पंचाण्णवाव्या वर्षीं न्यूयॉर्कच्या मंचावर ते आपलीं जुनीं गाणीं गाइले. तेथें रोगी स्वतःच उभा होता, पण जें उरलें होतें तें देण्यासाठीं, गेलेलें दाखविण्यासाठीं नव्हे.

ह्याउलट आई तोच प्रश्न दहादां विचारते, सुनेला चोर म्हणते, त्याचें चित्र मोबाइलवर घेऊन मुंबईच्या नातेवाइकांस हंसावयास पाठविणारे पुत्र आहेत. तेथें नट नाहीं, वस्त्र नाहीं. तिची अनुमति कोणी विचारलेली नसते, आणि आतां ती समजून देण्याची शक्ति तिला उरलेली नसते.