भाग मापात आहेत, मग जोड कुणाची?

एखादी वस्तू दहा ठिकाणी बनलेल्या भागांतून उभी राहिली, प्रत्येक भाग ठरलेल्या मापात होता, आणि तरीही ती धोकादायक निघाली, तर दोष कुणाचा? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न नवा नाही. ‘माझ्या बाजूच्या सगळ्या टेस्ट पास आहेत’ हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा जात नाही. पण माझ्या कामात फार तर एखादा सर्व्हर बसतो. प्रश्नाचं खरं वजन मला कळलं ते बंदुकीच्या ट्रिगरमुळे.

अमेरिकेत एआर-१५ जातीच्या रायफलचा मूळ ट्रिगर काढून दुसऱ्या कंपनीचा, हलका आणि नेमका ट्रिगर बसवणं हा अनेकांचा छंद आहे. कामानिमित्त टेक्सासला होतो तेव्हा एका सहकाऱ्याला मी हे करताना पाहिलं. ट्रिगर ज्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात बसतो त्याला रिसीव्हर म्हणतात. त्यात आरपार भोकं असतात. दोन पिनांवर ट्रिगर आणि हॅमर झुलतात, तर सेफ्टीचा दांडा ट्रिगरच्या शेपटीवर येऊन तिला उचलू देत नाही. शेपटी उंच असेल तर सेफ्टी फिरतच नाही. मग कानस लागते. कानस जास्त फिरली, तर सेफ्टी लागलेली दिसते पण ट्रिगर थोडा हलतो.

पिनेचं ठरलेलं माप ०.१५४ इंच, म्हणजे चार मिलिमीटरलाही थोडं कमी. पण अगदी तेवढंच भोक जगात कुणी पाडू शकत नाही. म्हणून ड्रॉइंगवर वरची आणि खालची मर्यादा दिलेली असते. हाच टॉलरन्स. शब्दकोशात त्याला सहिष्णुता म्हणतील. वर्कशॉपमध्ये त्याचा अर्थ ‘इतकं चालवून घेऊ’ एवढाच. अडचण अशी की भोक पाडणारा, पिन बनवणारा आणि ट्रिगर बनवणारा, तिघेही आपापल्या वाट्याचं चालवून घेतात, आणि त्या सगळ्याची बेरीज एकाच सांगाड्यात होते. त्यात एआर-१५च्या मागे निदान लष्करी ड्रॉइंग आहे. तरीही कोल्टने काही नागरी रायफली ०.१७० इंचाच्या पिना घालून विकल्या. याच घराण्यातल्या मोठ्या .३०८ रायफलींना तर असं एक सर्वमान्य ड्रॉइंगच नाही. आर्मालाइटचा घाट वेगळा, डीपीएमएसचा वेगळा.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण बंदूकवाला प्रत्येक भाग कानशीने घासून त्याच बंदुकीत बसवायचा. जोड त्याची, जबाबदारीही त्याची. १७८५मध्ये फ्रान्समध्ये ओनोरे ब्लांकने थॉमस जेफरसनपुढे बंदुकीच्या चापयंत्रांचे सुटे भाग ठेवले. जेफरसनने हाताला येतील ते उचलून अनेक यंत्रं स्वतः जोडली. या कल्पनेने पुढे कारखान्यांचं जग उभं केलं. पण कानशीबरोबर तिच्यामागचा माणूसही गेला. आता बाहेरचा ट्रिगर विकत घेणाऱ्याच्या हातात कानस परत येते. तिच्यासोबतचं कसब येईलच असं नाही.

कायदाही वस्तू पाहतो, जोड पाहत नाही. अमेरिकेच्या १९६८च्या कायद्यानुसार रिसीव्हर हीच बंदूक, नंबर त्याच्यावर. साधा ट्रिगर हा सुटा भाग, तो टपालाने घरी येतो. आपला १९५९चा शस्त्र कायदा सुट्या भागांनाही शस्त्रच मानतो. दोन भाग एकमेकांशी कसे वागतील, हे मात्र दोन्ही व्याख्यांत बसत नाही. २०१४मध्ये रेमिंग्टनने एक्स-मार्क प्रो ट्रिगर असलेल्या रायफली परत मागवल्या, कारण ट्रिगर न दाबताही गोळी सुटण्याची शक्यता होती. कंपनीने दिलेलं कारण होतं, जोडणीत जास्त वापरला गेलेला चिकट पदार्थ. म्हणजे एका छताखालीसुद्धा जोड निसटू शकते.

मग सगळा भार शेवटच्या जोडणाऱ्यावर टाकायचा का? हे अन्यायाचं वाटतं. त्याच्याकडे ना ड्रॉइंग, ना गेज. माझं मत असं: ‘माल मापात आहे’ हे गिऱ्हाइकाला द्यायचं उत्तर आहे. नळीसमोर येऊ शकणारा माणूस या व्यवहारात कधीच नव्हता. त्याने काहीही चालवून घ्यायचं कबूल केलेलं नाही. त्याच्यापुरती जबाबदारी वाटून कमी होत नाही. ती प्रत्येकाकडे पुरी असते. बनवणाऱ्याने कोणत्या रिसीव्हरमध्ये आपला ट्रिगर चालत नाही हे स्पष्ट सांगावं, तपासणी कशी करायची तेही सांगावं. जोडणाऱ्याने ती तपासणी करावी आणि तिचा निकाल मानावा.

हा निकाल मानणंच अवघड असतं. माझ्या सहकाऱ्याने रिकाम्या रायफलवर सेफ्टी लावून ट्रिगर ओढला, सोडला, मग सेफ्टी काढली. हॅमर आपोआप पडला. अडीचशे डॉलरचा ट्रिगर त्याने काढून ठेवला आणि जुना बसवला. “दोन्ही चांगले आहेत, एकमेकांचे नाहीत,” एवढंच म्हणाला. त्याला दोषी शोधायची गरज पडली नाही. दोष कुणाचा, हा प्रश्न अपघातानंतरचा आहे. त्याआधीचा प्रश्न सोपा आणि महाग असतो: हे जुळत नाही, तर मी थांबणार आहे का?