चित्र गेलं, गाणं राहिलं

लिर राजाच्या चार मुलांना सावत्र आई हंस करून टाकते आणि ती पोरं 900 वर्षं गार पाण्यावर काढतात. आयर्लंडच्या मुलांसाठीच्या सचित्र संग्रहांत ही गोष्ट हमखास भेटते. पानभर चित्रं, मधूनमधून कविता. आपण अशा पुस्तकाच्या छपाईवर खूश होतो. मला मात्र त्या देशानं आपल्या गोष्टींसाठी उपसलेले कष्ट जास्त मोलाचे वाटतात. 1937 साली तिथल्या लोकसाहित्य आयोगानं प्राथमिक शाळांना सांगितलं: नेहमीचे निबंध बाजूला ठेवा, मुलांना घरी पाठवा, म्हाताऱ्यांना विचारू द्या, ऐकतील ते लिहू द्या. सुमारे 5,000 शाळांतली 11 ते 14 वर्षांची मुलं कामाला लागली. भुतं, कोडी, झाडपाल्याची औषधं, पवित्र विहिरी, सगळं वह्यांत उतरलं. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात जपलेल्या आहेत.

 आपल्याकडं पालघर-बोईसरच्या पट्ट्यातही गोष्टींचा दुष्काळ कधीच नव्हता. वारली, वाडवळ, मांगेला, ज्याची त्याची बोली आणि ज्याची त्याची गाणी. वारल्यांच्या लग्नात तर चित्र आणि गाणं वेगळं काढताच येत नाही. सवासिनी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते आणि लग्न लावणारी धवलेरी गाते. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे आले, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं कागदावर आली आणि जगभर गेली. 2011 मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. याचा अभिमान आहेच. पण बाजारानं चित्र तेवढं उचललं, धवलेरीला उंबऱ्याआडच ठेवलं. आता त्या चित्रांतली माणसं कपावर नाचतात, ओढणीवर नाचतात. कोणत्या गाण्यावर, ते कोणी विचारत नाही. वारली चित्रकारांचं ‘डू!’ हे मुलांचं पुस्तक 2009 मध्ये आलं. देखणं आहे, पण ते क्रियापदांचं पुस्तक, गोष्टींचं नव्हे.

संग्रह झालेच नाहीत असं नाही. कविता महाजनांनी वारली लोकगीतं गोळा केली. पण असे संग्रह मोठ्यांच्या कपाटात जातात. मुलांच्या हाती काय द्यायचं, हा विचार याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढून सुरू केला, पुढं कोसबाडला नेला. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. मूल जिथं आहे तिथून शिकवणं सुरू करायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून गुरुजी-बाईंना एक विनंती. येत्या दिवाळीच्या सुटीत ‘माझा आवडता सण’ लिहायला देऊ नका. आजीची एक गोष्ट किंवा लग्नातलं एक गाणं, तिच्याच बोलीत, लिहून आणायला सांगा. शेजारी चित्र काढायला सांगा. आणि लाल पेन्सिलीनं ती बोली ‘शुद्ध’ मात्र करू नका.