चिंधी

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तिथल्या शिरगावात तेव्हा इमारती कमी आणि झाडं जास्त होती.

जांभळाचं लाकूड ठिसूळ. आंब्याची फांदी निदान वाकून सांगते, जांभळाची एकदम कडाडते. खाली पडलेलं फळ फुटतं, त्याला गिऱ्हाईक नाही; म्हणून वर चढून हातानेच खुडावं लागतं. गावातल्या एका आजोबांचा हाच धंदा. त्यांची एक रीत होती. दुपारी जेवून घटकाभर पडायचं, मग झाडावर जाऊन एकेक फांदी पायाने दाबून बघायची आणि जिथवर भार सोसेल तिथे जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायची. तोडणी दुसऱ्या दिवशी पहाटे. चिंधीच्या पुढे पाय टाकायचा नाही.

नातू वर चढायला लागला. एके दिवशी स्टेशनवर त्याची पाटी तासाभरात रिकामी झाली. दुसऱ्या पहाटे तो शीळ घालत चढला आणि चिंधीच्या हातभर पुढे गेला. फांदी गेली. कमरेला दोर होता म्हणून पोरगा लोंबकळला, नुसतं ढोपर सोललं. आजोबा काही बोलले नाहीत.

आठवड्याने उलटं झालं. लोकल चुकली, अर्धी पाटी मऊ पडली. पहाटे पोरगा चिंधीच्या हातभर अलीकडेच थबकला. पुढे काळेभोर घोस लटकत होते.

"आज नको आजोबा. फांदी कच्ची वाटते."

"फांदी कालचीच आहे," खालून आवाज आला. "चिंधीपर्यंत जा."

(पुढे २००३ साली अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २६ देशांचे शेअर बाजार तपासून दाखवलं, की सकाळी ऊन असलं की त्या दिवशी भाव जरा चढते राहतात. कंपन्या त्याच, हिशेब तेच. शेअर घेणाऱ्या-विकणाऱ्या मंडळींना कुणी चिंधी बांधून दिलेली नसावी.)

पोरगा गेला, घोस घेऊन खाली उतरला. त्या दिवशी माल चांगला खपला. दुपारी तो स्टेशनवरून धावतच आला, जांभळे झालेले हात तसेच पुढे करून म्हणाला, "आजोबा, आज चिंध्या मी बांधतो!"

आजोबांनी लुगड्याचा तुकडा मांडीखाली सरकवला.

"जेवलास?"

"नाही."

"मग आधी जेव. आणि थोडा पड."