गाठ कुठे आहे?

भाचीनं तिची फाइल माझ्यासमोर ठेवली. आत दोन कागद होते. एक सोनोग्राफीचा रिपोर्ट, एकदाच उघडून पुन्हा घडी घातलेला. दुसरा आहाराचा तक्ता. फ्रिजवर चिकटवून काढून त्याच्या कडा फाटल्या होत्या, मधोमध हळदीचा डाग पडला होता. दूध बंद, गहू बंद, भात बंद, साखर बंद. सकाळी जवस, दुपारी ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या, रात्री काढा. तळाशी आश्वासन: सहा महिन्यांत गाठ विरघळेल आणि दिवस राहतील. भाचीचं वय ३४. सहाचे अकरा महिने झाले होते. "मावशी, मी कुठे कमी पडले ते सांग," ती म्हणाली.

ती कुठेही कमी पडली नव्हती. तिला जे करायला सांगितलं होतं, त्यातून ती गाठ जाणारच नव्हती, आणि हे तिला कुणीतरी पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं. हा लेख मी त्यासाठी लिहिते आहे. आहार आणि व्यायाम निरुपयोगी आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांचा उपयोग मोठा आहे, पण तो गाठीवर नाही, बाईवर आहे. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की बाईचे महिने जातात आणि दोषही तिच्याच पदरात पडतो.

गर्भाशयाच्या स्नायूतून वाढणाऱ्या या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, अतिशय सर्रास आढळतात. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरसकट सोनोग्राफी करून पाहिलं, तेव्हा असं दिसलं की पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींना त्या होतात. त्यातल्या बऱ्याच जणींना गाठ असल्याचा पत्ताही नसतो. या गाठी कॅन्सरच्या नसतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर त्या पोसल्या जातात, म्हणून पाळी कायमची थांबल्यावर त्या बहुतेक वेळा आक्रसतात. एवढी माहिती असती तरी 'पोटात गाठ' हे दोन शब्द ऐकून घरात जी धावपळ सुरू होते, ती निम्मी कमी झाली असती.

मूल हवं असणाऱ्या बाईनं 'काय खाऊ?' याच्या आधी विचारायचा प्रश्न 'गाठ कुठे आहे?' हा आहे. किती मोठी आहे, हासुद्धा त्याच्या नंतरचा. गर्भाशय म्हणजे जाड भिंतींची एक लहानशी खोली समजा. गाठ भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असेल, ज्याला सबसेरोसल म्हणतात, तर दिवस राहण्यात ती सहसा आड येत नाही. भिंतीच्या जाडीत असेल, म्हणजे इंट्राम्युरल, तर तिचा परिणाम किती आणि ती काढून फायदा किती, यावर तज्ज्ञांमध्ये आजही वाद आहे. तिथे निर्णय एकेका बाईपुरता घ्यावा लागतो. पण गाठ आतल्या पोकळीत डोकावत असेल, म्हणजे सबम्युकोसल असेल, तर ती लहान असली तरी गर्भ रुजण्याच्या जागेतच बसलेली असते. पाळीत भरमसाट रक्त जातं तेही बहुधा हिच्यामुळे. अशी गाठ काढल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते, आणि ती बऱ्याचदा पोटावर काप न घेता, योनिमार्गातून दुर्बीण घालून काढता येते.

भाचीच्या रिपोर्टात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: सबम्युकोसल, २.४ सेंटिमीटर. अकरा महिने तो शब्द घडीत पडून होता. तक्ता देणाऱ्या बाईंनी तो वाचला नाही, आणि ज्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली तिथे 'लहान आहे, काळजी नको' एवढंच सांगून फाइल परत दिली गेली.

मग ज्यांची गाठ आहारानं 'गेली', त्यांचं काय? अशा बायका खरोखर भेटतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत. इथे एक अभ्यास सांगितला पाहिजे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकी अभ्यासात ७२ स्त्रियांच्या २६२ गाठी एमआरआयनं वारंवार मोजल्या. सहा महिन्यांत गाठ सरासरीनं ९ टक्के वाढते असं दिसलं, पण त्या सरासरीच्या आत प्रचंड फरक होता. एखादी गाठ दुपटीच्या वर गेली, एखादी ८९ टक्क्यांनी आक्रसली. एकाच बाईच्या गर्भाशयात एक गाठ वाढत होती आणि शेजारची कमी होत होती, रक्तातली संप्रेरकं दोघींना तीच असताना. सुमारे ७ टक्के गाठी २० टक्क्यांहून अधिक लहान झाल्या, आणि त्याचं श्रेय द्यावं असा कोणताही तक्ता तिथे नव्हता.

आता आपल्याकडे हजारो बायका जवस खात आहेत, काढे घेत आहेत, असं धरा. त्यातल्या काहींच्या गाठी आपसूक लहान होणारच. ज्या दिवशी रिपोर्ट बरा येतो, त्या दिवशी हातात जो काढा असतो त्याला यश मिळतं. ज्यांची गाठ वाढली त्या मात्र गप्प बसतात, 'आपण पथ्य नीट पाळलं नसेल' असं म्हणत. त्यात मोजणीची गंमत वेगळीच. गाठ ३ सेंटिमीटरची २.७ झाली, म्हणजे तीन मिलिमीटरचा फरक. वेगळ्या डॉक्टरांनी वेगळ्या कोनातून मोजलं तरी एवढा फरक पडतो. पण गोळ्याचं आकारमान काढलं तर ती 'सत्तावीस टक्क्यांनी घटली' असं छापता येतं.

आहारावर संशोधन झालेलं आहे आणि ते बाजूला सारण्यासारखं नाही. इटलीतल्या १९९९ च्या एका अभ्यासात हिरव्या भाज्या आणि फळं जास्त खाणाऱ्या स्त्रियांमध्ये फायब्रॉइड कमी आढळले, लाल मांस जास्त खाणाऱ्यांमध्ये अधिक. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका मोठ्या, दीर्घ पाहणीत दूधदुभतं अधिक घेणाऱ्यांना गाठींचं निदान कमी झालं. भाचीच्या तक्त्यावर दूध पहिल्याच ओळीत बंद होतं! भरपूर व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्येही गाठी कमी दिसल्या आहेत, आणि त्याला पटण्याजोगं कारण आहे: शरीरातल्या चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं.

पण या सगळ्या पाहण्या 'गाठ होऊ नये म्हणून' या प्रश्नाच्या आहेत. 'झालेली गाठ जावी म्हणून' हा प्रश्न निराळा आहे. छत्री घेतली तर माणूस भिजत नाही. भिजलेला माणूस छत्रीनं कोरडा होत नाही. शिवाय पालेभाज्या खाणाऱ्या आणि रोज चालणाऱ्या बाईच्या आयुष्यात इतरही पुष्कळ गोष्टी वेगळ्या असतात. नेमकं श्रेय कुणाचं, हे अशा पाहण्यांतून ठरत नाही.

गोळ्यांचंही तसंच. ग्रीन टीच्या अर्काबद्दल ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो तो इजिप्तमधला, २०१३ चा. रोज ८०० मिलिग्रॅम अर्क, चार महिने. गाठींचं आकारमान सुमारे एक तृतीयांशानं घटलं, हे खरं. अभ्यास पूर्ण करणाऱ्या स्त्रिया ३३ होत्या, हेही खरं. एवढ्यावरून आशा धरायला हरकत नाही, दुकान उघडायला आहे. अशा अर्काच्या मोठ्या मात्रेनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कपभर चहाची गोष्ट वेगळी आणि गोळीतल्या दाट अर्काची वेगळी. ड जीवनसत्त्व पुरेसं असलेल्या स्त्रियांमध्ये गाठी कमी दिसल्या आहेत, आणि आपल्याकडे त्याची कमतरता खूप आहे. तेव्हा तपासून, कमी असेल तर घ्यावं. पण ६०,००० युनिटांची पाकिटं कुणी सांगितलं म्हणून महिनोन्‌महिने घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांच्या २००८ च्या एका तपासणीत सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोचतं. मूल व्हावं म्हणून घेतलेल्या पुडीत ते असू शकतं, या विचारानंच माझा थरकाप होतो. गर्भाशयाचे विकार आणि वंध्यत्व बरं करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती १९५४ च्या कायद्यानं आपल्याकडे बंद आहेत. तरीही मोबाइल उघडला की त्या समोर येतात.

मग आहाराचं खरं काम कोणतं? रक्त. सर्वांत आधी रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत, महाराष्ट्रात ५४ टक्के. ज्या बाईला फायब्रॉइडमुळे अंगावरून जास्त जातं, तिचा हिशेब मांडून पाहा. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं तर ४० मिलिग्रॅम लोह गेलं. आणि रोजच्या ताटातून शरीरात मुरतं ते दिवसाला एक ते दीड मिलिग्रॅम. म्हणजे महिनाभर खाल्लं तेवढं सगळं चार दिवसांत वाहून गेलं. ज्यांचं याच्या दुप्पट-तिप्पट जातं, त्यांचं रक्त खजूर आणि गूळ खाऊन भरून निघेल, असं कुणी सांगू नये. तिथे लोहाच्या गोळ्या लागतात, कधी शिरेतून लोह द्यावं लागतं, आणि रक्त जाण्याचं मूळ कारण थांबवावं लागतं.

तरीही ताट महत्त्वाचंच. बाजरीची भाकरी, मेथी, हरभरे, अळिवाची खीर, आणि भाजीवर लिंबू पिळलेलं, म्हणजे लोह नीट मुरतं. जेवणाबरोबरचा चहा तेवढा दूर ठेवावा. दिवस राहण्याच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं. बाळाच्या मणक्याचे जन्मजात दोष त्यामुळे बऱ्याच अंशी टळतात, आणि याला भक्कम पुरावा आहे. चालणं, वजन उचलणं, पोहणं यांनी साखर आणि रक्तदाब आवरतो, गर्भारपण आणि भूल पेलायला शरीर तयार होतं. हे सगळं गाठ होती तेवढीच राहिली तरी फळाला येतं. उलट गहू-भात-दूध एकदम तोडून झटक्यात सात-आठ किलो वजन उतरवलं, तर अंडं सुटण्याचं चक्रच बिघडू शकतं. मूल हवं म्हणून केलेला उपास मुलाच्याच आड येतो.

दोषाबद्दलही बोललं पाहिजे. 'बाहेरचं खात होतीस', 'लग्न उशिरा केलंस', 'फार ताण घेतेस' ही वाक्यं आपल्या घरांत सहज बोलली जातात. २०११ साली फिनलंडमधल्या संशोधकांना आढळलं की त्यांनी तपासलेल्या गाठींपैकी सुमारे ७० टक्क्यांत एकाच जनुकात बदल झालेला होता. तो बदल गर्भाशयाच्या स्नायूतल्या एखाद्या पेशीत घडतो आणि तिथून गाठ वाढू लागते. वडापाव खाल्ल्याची शिक्षा म्हणून तो होत नाही.

आहाराच्या तक्त्यावर इतकं लिहिल्यावर सुरीबद्दल गप्प राहणं अप्रामाणिकपणाचं होईल. बायका काढ्याकडे का वळतात? कारण दवाखान्यात गेलं की 'पिशवी काढून टाका' ऐकावं लागेल, ही भीती. ती भीती खोटी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली पाहणी झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. सहातली एक. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की दंड, फडात ना आडोसा ना पाणी, आणि दवाखान्यात 'कॅन्सर होईल' असा धाक. साध्या दुखण्यावर पिशवी काढली गेली. ज्यांना औषधानं बरं वाटलं असतं त्यांचा अवयव गेला, आणि जिला खरोखर छोट्या शस्त्रक्रियेची गरज होती ती माझी भाची दवाखान्याच्या नावानंच बिचकून जवस दळत बसली. मला या दोन गोष्टी एकाच दुखण्याच्या वाटतात. बाईला तिच्या शरीराची माहिती न देता निर्णय देऊन टाकणं, हे ते दुखणं.

वस्तुतः मधले मार्ग पुष्कळ आहेत: नुसतं लक्ष ठेवणं, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, मूल नको असेल तर हार्मोनची तांबी, फक्त गाठ काढून गर्भाशय राखणं. यातलं प्रत्येक प्रत्येकीला लागू नाही. पण पर्याय मोजून दाखवणं हे डॉक्टरांचं काम आहे, आणि विचारणं हा आपला हक्क.

काळाचंही सांगायला हवं. पस्तिशीनंतर बीजांडांची संख्या आणि प्रत वेगानं उतरते. म्हणून पस्तिशीच्या पुढे सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासण्या सुरू कराव्यात, त्याआधीच्या वयात एक वर्ष थांबावं, असा सर्वमान्य सल्ला आहे. सल्ला जोडप्याला आहे. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर असतं. भाचीनं अकरा महिने भात सोडला होता. त्या अकरा महिन्यांत तिच्या नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही झाली नव्हती. ती साधी तपासणी आहे.

ती आता झाली. भाचीचं हिमोग्लोबिन ८.१ होतं, ते आधी वर आणलं आणि मग दुर्बिणीनं गाठ काढली. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर तिनं दूध घालून चहा मागितला. पुढे काय होईल ते आज कुणी सांगू शकत नाही, आणि यावेळी तिला कुणी तसं सांगितलंही नाही.

तुमच्या घरात कुणाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट कपाटात पडून असेल तर तो आज काढा. गाठीची जागा कुठे लिहिली आहे ते शोधा, त्या शब्दाखाली रेघ मारा, आणि तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. बरोबर नवऱ्यालाही न्या.