मी ठीक आहे

घड्याळ फुटलं ते मागच्या महिन्यात, न्हाणीघरात. लेकीला मी सांगितलं, नळावर आपटलं. ते खरंच होतं. फक्त आपटलं तेव्हा ते माझ्या मनगटावर होतं आणि मी खाली जात होते, एवढं गाळलं.

ते स्मार्टवॉच चार वर्षांपूर्वी तिनेच दिलेलं. ती बंगळूरला, मी इंदूरला एकटी. त्यात माणूस पडलं तर ओळखायची सोय होती. अशी घड्याळं हाताची गती सतत मोजत असतात. अडखळून पडणाऱ्याचे हात पुढे जातात, घसरून पडणाऱ्याचे वर उडतात; मग आदळणं, मग स्तब्धता. एवढ्यावरून ती अंदाज बांधतात. (पुरणपोळीची कणीक आपटून तिंबताना माझं एकदा उगाच वाजलं होतं.) अंदाज आला की मनगटाशी थरथरून विचारतात, आणि मिनिटभर हालचाल दिसली नाही तर ठरवलेल्या नंबरांवर निरोप जातो. 'मी ठीक आहे' हे बटण दाबलं की गप्प बसतात.

ओल्या फरशीवर पडल्यापडल्या, तडा गेलेल्या काचेवर मी ते बटण दाबलं. मी ठीक नव्हते. बादलीचा काठ धरून उठायला बराच वेळ लागला. दोन दिवसांनी घड्याळही बंद पडलं.

मी खोटं बोलले ते कुणाशी? भिंतीला 'मी ठीक आहे' म्हटलं तर ते खोटं ठरत नाही. पण त्या बटणाच्या मागे लेक होती. निरोप गेला असता तर संध्याकाळचं विमान धरून ती आली असती आणि 'आता तू इकडेच राहायला ये' सुरू झालं असतं. मला तो विषय टाळायचा होता.

आमच्या घरात हे नवं नाही. आईची कार्डं 'येथील सर्व क्षेम' अशीच सुरू होत. वडील इस्पितळात होते त्या आठवड्यातलं कार्डसुद्धा. ते क्षेम म्हणजे रिवाज होता, आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असे. म्हणून तो अक्षर हललंय का ते बघे, मजकूर आखूड आहे का ते बघे. बटणाला अक्षर नसतं. कशाही हाताने दाबा, तेच उमटतं.

नवं घ्यायचं ठरलं तेव्हा लेकीने दोन मॉडेलं निवडून तक्ता पाठवला. एक अडीच हजारांचं. पावलं, नाडी, झोप मोजणारं, आठ-दहा दिवस चार्जिंग न मागणारं. दुसरं जवळजवळ दहापट महाग. ते पडणं ओळखतं, हृदयाचा आलेख काढतं, स्वतःचं सिम असल्याने फोन जवळ नसला तरी चालतं. मात्र रोज चार्जरला लावायचं. खाली तिने लिहिलं होतं: "चार वर्षांत एकदाही निरोप आला नाही, म्हणजे पडण्याची सोय तुला लागत नाही बहुतेक. स्वस्तातलं चालेल. तू ठरव."

तर्क निर्दोष होता. गृहीतक चुकीचं होतं, आणि ते मी पुरवलं होतं.

कांटने १७९७ साली एका छोट्या निबंधात म्हटलं की मित्राच्या जिवावर उठलेला माणूस दाराशी येऊन त्याचा ठावठिकाणा विचारू लागला तरी खोटं बोलू नये. कॉलेजात हे शिकवताना मुलं हसत आणि मी हसू देत असे. त्यातला एक मुद्दा मात्र मी घाईने उरकत आले: जो खोटं बोलतो, त्याच्यावर त्या खोट्यातून पुढे जे निघेल त्याची जबाबदारी येते, मग हेतू कितीही चांगला असो. माझ्या दाराशी कुणी मारेकरी नव्हता, साधी विचारपूस होती. आणि त्या खोट्यातून काय निघालं ते तक्त्यात दिसत होतं. माझी मुलगी, पुरत्या मायेने, मला नको ते घड्याळ सुचवत होती.

तरीही माझं पडणं कुणाला कळावं हे मीच ठरवावं, असं मला अजून वाटतं. साठी उलटली म्हणून न्हाणीघरात पडून गप्प बसण्याचा हक्क जात नाही. पण 'सांगणार नाही' म्हणणं वेगळं आणि 'मी ठीक आहे' म्हणणं वेगळं. माझ्या घड्याळात पहिल्यासाठी बटण नव्हतं, ही त्याची उणीव. तोंडाने बोलायची सोय मात्र मला महिनाभर होती.

राजवाड्याजवळच्या दुकानात दोन्ही घड्याळं काचेवर मांडून दुकानदार म्हणाला, "आंटीजी, ये बड़ा वाला ले लो, बेटी टेंशन-फ्री रहेगी." मी बाहेर येऊन लेकीला फोन केला. नळाच्या आधीचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "किती वेळ पडून होतीस?"

"दहा मिनिटं," मी म्हणाले. वीस तरी झाली असतील.

"महागातलंच घे. संध्याकाळी बोलू," म्हणून तिने फोन ठेवला.

आत दुकानदार नव्या घड्याळात माझं वय भरत होता. अडचणीच्या वेळी निरोप कुणाला, असं त्याने विचारलं. मी आधी वरच्या मजल्यावरच्या सिंधी बाईंचा नंबर दिला, घराची किल्ली त्यांच्याकडे असते. मग लेकीचा.